वारशाची गोटमार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव आणि पांढुर्णा जांब नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात. या गोटमारीतलं भांडण पात्रात रोवलेल्या पळसावरच्या झेंड्याचं. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. परंपरेनं ते नाकारले.

एखाद्या तत्त्ववेत्त्याच्या वारशाला वाहिलेल्या विद्वत्मंडळांना हे रानटी वाटेल. त्यांच्याकडे दगड नसतात, तळटिपा असतात. शिवाय सावरगावकरांना झेंडा नेमका कुठे आहे हे तरी दिसतं.

अमळनेरचंच घ्या. अद्वैताच्या अभ्यासासाठी १९१६ साली गिरणीमालक प्रतापशेठांनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. जग मिथ्या की सत्य, या खलाचा खर्च कापडगिरणीच्या अगदी सत्य नफ्यातून निघाला. १९३३ साली तिथल्या मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून ग्रंथ काढला. विषय: ‘अज्ञान’. प्रत्येकाचं विवेचन वेगळं, पुठ्ठा मात्र एकच!

एवढं भांडायला आधी वाचावं लागतं. आजच्या मंडळांनी ती कटकटच मिटवली आहे. जयंतीला हार, पुण्यतिथीला व्याख्यान, मध्ये कार्यकारिणीची निवडणूक. मतभेद होतात, नाही असं नाही. पण ते व्यासपीठावर कोणी कुठे बसायचं याबद्दल.