कुलकर्ण्यांचा जावई घरी का बसला?

"नाना, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, पण जरा कुंपणाशी या. कुलकर्ण्यांच्या जावयाचं काही कळलं का?"

"कोण, कॅप्टन? सकाळीच दिसले की कुत्रं फिरवताना."

"तेच तर म्हणते! भरदिवसा हाफपँटीत फिरतायत. एवढे दिवस कुठला वैमानिक सासुरवाडीत मुक्काम ठोकतो? कोपऱ्यावरच्या वाघबाई म्हणाल्या, साहेबाशी वाजलं. पाटील म्हणतात, पिऊन सापडले असणार. आणि आमचा दूधवाला तर…"

"दूधवाल्याचं राहू द्या, वहिनी. त्यांचं मेडिकल गेलंय."

"अगंबाई! पण दिसतात तर चांगले धडधाकट."

"आपल्या डोळ्यांना धडधाकट. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात माझी अख्खी नोकरी झाली, म्हणून हे थोडंफार कळतं. वैमानिकाचं लायसन्स वेगळं आणि मेडिकल वेगळं. प्रवासी विमान चालवायचं तर डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, क्लास वन मेडिकल लागतं. वर्षातून एकदा तरी डोळे, कान, ईसीजी, रक्त, लघवी, सगळं तपासून घ्यायचं. तो कागद चालू नसेल, तर हजारो तास उडालेला कॅप्टनसुद्धा तुमच्याआमच्यासारखा तिकीट काढून मागे बसतो."

"मग झालंय काय त्यांना?"

"कानाच्या आतलं दुखणं. मेनिएर म्हणतात. मध्येच भोवळ येते, कानात गुणगुण सुरू होते, ऐकू कमी येतं. सध्या टेंपररी अनफिट ठरवलंय. काही महिन्यांनी परत तपासणी. फिट झाले तर उत्तम, नाही तर पर्मनंट अनफिट. त्यावरही अपील करता येतं म्हणा."

"पण मी म्हणते, सांगितलंच कशाला? घरी आली ना भोवळ? लिंबू-सरबत प्यायचं आणि गप्प बसायचं. चांगली चार पट्ट्यांची नोकरी!"

"आणि मागे पावणेदोनशे माणसं बसलेली असताना दुसरी भोवळ आली असती, तर कुणी सरबत आणून दिलं असतं? तब्येत बिघडल्याचं ठाऊक असताना उडायचं नाही, हा नियमच आहे. जावयांनी स्वतः फोन करून कळवलं. मला तर त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला. पोटावर पाय येणार हे दिसत असताना खरं बोलणं सोपं नसतं."

"तेही खरंच."

"2015 सालचं ते जर्मनविंग्जचं विमान आठवतं? बार्सिलोनाहून निघालं आणि फ्रान्समधल्या आल्प्सच्या डोंगरावर आपटलं. 150 माणसं गेली. सहवैमानिकानं मुद्दाम पाडलं. डॉक्टरांनी त्याला आजारपणाची चिठ्ठी दिली होती. ती फाटलेली त्याच्या घरात सापडली. आपलं लायसन्स जाईल, या धास्तीनं त्याला घेरलं होतं."

"बाई बाई! म्हणजे आजार लपवणारे सगळेच असे?"

"छे छे, तसं मुळीच नाही. त्या माणसाची गोष्ट निराळी. पण आजार सांगितला की चूल विझणार, असं वाटलं तर माणूस डॉक्टरची पायरीच चढत नाही. म्हणून म्हणतो, वैमानिकाला जमिनीवर दुसरं काम मिळणं ही काही त्याच्या एकट्याच्या घरातली गोष्ट नाही. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाची ती गरज आहे. दुसरी वाट दिसली की माणूस खरं बोलतो."

"वाटा काय, ढीगभर असतील. एवढी शिकलेली माणसं ती."

"इथंच तर मेख आहे, वहिनी. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मग फ्लाइंग स्कूल, 200 तास उड्डाण, डीजीसीएच्या परीक्षा, की झाला वैमानिक. पदवी लागत नाही. आपले जावई विसाव्या वर्षी विमानात चढले ते आत्ता चव्वेचाळिसाव्या वर्षी उतरले. बाहेर नोकरी मागायला गेले, तर पहिला प्रश्न, ग्रॅज्युएशन कशात?"

"मग?"

"मग काय, आपल्या गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलंय. परवा पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आले."

"अस्सं! वाघबाईंना वाटलं, कोर्टाची कागदपत्रं आहेत. बरं, ते विमानतळावर टॉवरमध्ये बसून वैमानिकांशी बोलतात, ते का नाही करत?"

"त्यांना भेटणारा प्रत्येक माणूस हेच सुचवतो. ते एटीसीचं काम. त्यालाही स्वतःचं मेडिकल लागतं, क्लास थ्री. शिवाय भरती परीक्षेनं होते आणि वयाची अट सत्तावीसच्या आसपास. चव्वेचाळिशीच्या माणसाला कोण घेणार?"

"मग करण्यासारखं उरलं काय?"

"बरंच आहे. डिस्पॅचरचं काम घ्या. विमान निघण्याआधी वारा कसा, इंधन किती, ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर कुठं उतरायचं, हा सगळा आराखडा तो करतो. त्याला वेगळं प्रशिक्षण आणि डीजीसीएची मान्यता लागते. दुसरं, सिम्युलेटरवर शिकवणं. खोलीएवढा डबा असतो, पायांवर डुलणारा. आत हुबेहूब कॉकपिट. शिक्षक मागे बसून बटण दाबतो, की उड्डाण घेतानाच इंजिनाला आग! वैमानिकांना घाम फुटतो आणि विमान जागचं हललेलंही नसतं."

"पण डुलतो म्हणालात ना? यांना आधीच भोवळ!"

"वहिनी, बरोब्बर बोललात. हेच त्यांच्या बायकोनंही विचारलं. म्हणून ते सध्या बाजूला ठेवलंय. तिसरं काम सेफ्टी विभागातलं. विमानात प्रत्येक उड्डाणाची नोंद होत असते. वेग किती, किती उंचीवर चाकं काढली, टेकताना किती आपटलं. ती सगळी माहिती खाली येते आणि कुणीतरी ती रोज बघावी लागते. एकाच धावपट्टीवर चार जण आपटले, तर चूक चौघांची की तिथल्या उतरण्याच्या पद्धतीतच काही गोम आहे? हे आलेख बघून नुसत्या इंजिनीअरला कळेलच असं नाही. जो स्वतः तिथे पावसात उतरलाय, त्याला चटकन कळतं."

"पगार?"

"आलात मुद्द्यावर! कमी, बराच कमी. कॅप्टनचा पगार उडण्याच्या तासांवर चढतो. तास गेले, भत्ते गेले. लॉस ऑफ लायसन्स म्हणून विमा असतो, पण असे पैसे बहुधा कायमचं अनफिट ठरल्यावरच मिळतात. तोवर मुंबईच्या फ्लॅटचा हप्ता कुणासाठी थांबत नाही. म्हणून तर फ्लॅट भाड्यानं देऊन ते इकडे आलेत. तुमचं ते कोडं एवढंच."

"बिचारे. आणि आम्ही काय काय बोललो! पण ड्रोनचं काय? आमचा भाचा निफाडला द्राक्षबागेवर ड्रोननं औषध मारतो."

"2021 च्या नियमांप्रमाणे त्याला दहावी पास आणि अठरा ते पासष्ट वय पुरतं, आणि मान्यताप्राप्त ठिकाणचं प्रशिक्षण. क्लास वन मेडिकल नको."

"नको गं बाई! एअरबसचा कॅप्टन आणि बागेवर औषध मारणार? लोक काय म्हणतील!"

"लोक म्हणजे तुम्ही आणि वाघबाईच ना?"

"जाऊ द्या, टोमणे नका मारू. त्यांना स्वतःला काय वाटतं?"

"पहिला महिना फार वाईट गेला असं म्हणाले. वरून विमान गेलं की मान खाली घालायचे. मी त्यांना अ‍ॅलन शेपर्डची गोष्ट सांगितली. अमेरिकेचा पहिला अंतराळवीर, 1961 चा. त्यालाही हाच आजार, मेनिएर! उडणं बंद झालं. मग तो अंतराळवीरांच्या कार्यालयाचा प्रमुख झाला. त्याच्या जोडीला दुसरा अंतराळवीर डीक स्लेटन. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून त्याला 1962 मध्ये खाली बसवलं. कुठल्या मोहिमेवर कोण जाणार, ते हा ठरवायचा. दोघं जमिनीवर बसून दुसऱ्यांना वर पाठवत होते."

"आणि स्वतः?"

"शेपर्डच्या कानाची शस्त्रक्रिया झाली आणि 1971 मध्ये तो चंद्रावर उतरला. स्लेटन 1975 मध्ये गेला अंतराळात, एक्कावन्नाव्या वर्षी. पण जावई हुशार. म्हणाले, 'नाना, हे परत वर गेले म्हणून त्यांची गोष्ट सांगतात. जे गेले नाहीत, त्यांचं काय?'"

"खरंच की."

"मग मी त्यांना फ्लाइंग ऑफिसर अनिल कुमारांचं सांगितलं. हवाई दलात मिग-21 चालवायचे. आमच्या ओझरलाच बनायची ती विमानं. 1988 मध्ये मोटरसायकलचा अपघात झाला आणि मानेखालचं सगळं शरीर गेलं. पुण्यात खडकीच्या केंद्रात राहिले, 2014 मध्ये जाईपर्यंत. तोंडात पेन धरून लिहायला शिकले आणि मग लिहीतच राहिले. परत कधी उडले नाहीत. हे ऐकल्यावर मात्र जावई बराच वेळ काही बोलले नाहीत."

"परवा पाटलांच्या ओमला अंगणात खडूनं काहीतरी काढून दाखवत होते. आमचा नातू जेवायचं सोडून तिथेच."

"वाऱ्याचा त्रिकोण तो. विमानाचं नाक इकडे, वारा तिकडून आणि जमिनीवरची खरी वाट तिसरीच. एक रेघ पुसली, वारा वाढवला आणि विचारलं, आता नाक किती वळवशील? पोरं एकमेकांशी भांडायला लागली. वैमानिकाच्या परीक्षेतला नॅव्हिगेशनचा विषय आहे तो, भल्याभल्यांची दांडी उडते. मी म्हटलं, कॅप्टन, हा तर तुमचा धंदा! हवामान, नॅव्हिगेशन, नियम. नाशकात क्लास काढा."

"मग काढणार?"

"शनिवार-रविवार शिकवणार. आणि येत्या महिन्यापासून एका कंपनीत सेफ्टीचं काम. बरंचसं घरूनच. कान बरा झाला तर बघू, म्हणाले. पण बरा होईपर्यंत हातावर हात धरून बसणार नाहीत."

"मग नाना, मी आज भजनी मंडळात सांगून टाकते. जावई घरी बसलेले नाहीत, विमानं आपटतात का ते बघायच्या कामावर आहेत. वाघबाईंचं तोंड बंद!"

"सांगा, पण नीट सांगा. आणि पगार विचारला कुणी, तर काय सांगाल?"

"तो मी कुलकर्णीबाईंना आधीच विचारून ठेवलाय."