पेणचा ‘ण’
गावांच्या भेंड्या, म्हणजे आधीच्या गावाच्या शेवटच्या अक्षरावरून नवे गाव सांगण्याचा खेळ, यात रोहा आणि हमरापूर ही एकाच लोहमार्गावरची स्थानके एकमेकांची सोय पाहतात, कारण एकाचा ‘ह’ दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याचा ‘र’ पहिल्याच्या आरंभी असतो. पेणपाशी मात्र खेळ रुततो. मराठी शब्दाच्या आरंभी ‘ण’ येत नसल्याने तेथे ‘न’ ग्राह्य धरण्याचा ठराव तत्काळ संमत होतो, आणि एरवी कोणी ‘पानी’ म्हटले की नाक मुरडणारी मंडळीच त्यासाठी सर्वांत आधी हात वर करतात. या सवलतीवर मिळणारे नागोठणे, जे पेण आणि रोहा यांच्या मधोमधच भेटते, ते पुन्हा ‘ण’वरच संपते.