दोन डंपर

आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या कचरा-जुळणी उपक्रमाचा वार्षिक अहवाल हाती आला आहे. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर दोन हात आणि त्या हातांत एक कोवळं पान. आत नोंदणी उत्साहवर्धक आहे, जनजागृती समाधानकारक आहे आणि प्रत्यक्ष देवाणघेवाणीच्या रकान्यात आडवी रेघ आहे. रेघ मात्र हिरव्या शाईत छापलेली आहे.

उपक्रम काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. एकाने टाकायचं, दुसऱ्याने उचलायचं, दोघांची गाठ संगणकाने घालून द्यायची. उद्घाटनाला पहिल्या वक्त्याने याला वधू-वर सूचक मंडळ म्हटलं, दुसऱ्याने पत्रिका जुळवली, तिसऱ्याने मंगळ काढला आणि चौथ्याकडे आभारप्रदर्शन असल्यामुळे अक्षता तेवढ्या राहिल्या. तेव्हा ती उपमा आता उष्टी झाली आहे. मला डंपरांबद्दल बोलायचं आहे.

रात्री दोन-अडीचच्या सुमाराला आमच्या हमरस्त्यावर दोन डंपर एकमेकांना ओलांडून जातात. एक नदीकडून येतो. त्यात ओली वाळू असते, मागून पाणी ठिबकत असतं, नंबरप्लेटला चिखल फासलेला असतो. दुसरा वसाहतीतून बाहेर पडतो. त्यात फाउंड्रीतली जळालेली काळी वाळू असते, वर ताडपत्री असते आणि नंबरप्लेटला चिखल फासलेला असतो. पहिला लपतो, कारण त्याच्याकडे वाळू आहे आणि ती सगळ्यांना हवी आहे. दुसरा लपतो, कारण त्याच्याकडे वाळू आहे आणि ती कुणालाच नको आहे. पहिल्याला कुठून आणली ते सांगता येत नाही, दुसऱ्याला कुठे नेतो आहे ते सांगता येत नाही. वळणावर दोघे एकमेकांना दिवा मारतात आणि आपापल्या गुन्ह्याला निघून जातात.

पहाटे दोघे एकाच टपरीवर चहा पितात. म्हणजे ज्या गाठीभेटीसाठी आपण संकेतस्थळ काढलं, लॉगिन काढलं, मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची सोय केली, ती गाठ रोज पहाटे अर्ध्या कटिंगवर पडते आहे. बिस्किटं वेगळी. मला तर वाटतं, दोन्ही डंपरांचा मालकही एकच असावा आणि तो झोपेत तळमळत असावा. कारण हिशेबच बघा ना. एक डंपर नदीकडे रिकामा जातो आणि भरून येतो, दुसरा भरून जातो आणि रिकामा येतो. डिझेलचा हा भाव असताना दोन रिकाम्या खेपा! एखाद्या हुशार मालकाच्या लवकरच लक्षात येईल की हे काम एकाच डंपरात होतं. वसाहतीतून काळी वाळू भरायची, नदीकाठी जायचं, काल उपसून जो खड्डा केला त्यात ती ओतायची आणि शेजारी नवा खड्डा करून नदीची वाळू भरून परत यायचं. खेप रिकामी नाही, खड्डा रिकामा नाही, कचरा शिल्लक नाही. चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच, चाकं तर आधीपासून आहेतच. त्या मालकाला पुढच्या वर्षीच्या अहवालात फोटोसकट जागा मिळायला हवी. नंबरप्लेट तेवढी पुसून घ्या म्हणावं.

इथे जाणकार बोट वर करतील की अहो, दोन्ही वाळू एक नव्हेत. मान्य. फाउंड्रीच्या साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती असते, कोळशाची भुकटी असते, वर 1400 अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड ओतलेलं असतं. कोअरच्या वाळूत तर रेझिनही असतं. ती तशीच उचलून कुणी स्लॅबमध्ये घालू नये. पण तपासून, प्रमाणात मिसळून तिचे पेव्हर ब्लॉक होतात, विटा होतात, रस्त्याखालच्या भरावात ती जाते. जगात अनेक ठिकाणी हे होतं आणि आमच्या फाउंड्रीवाल्यांना ते पाठ आहे. पेव्हर ब्लॉकवाला तर फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत बसतो. दोघांची मुलं एका शाळेत, दोघे एकाच पतसंस्थेचे थकबाकीदार. एकमेकांचा पत्ता माहीत नाही ही त्यांची अडचण कधीच नव्हती. आणि आपण त्यांना काय दिलं? पत्ता.

खरी अडचण पत्त्याच्या पुढे सुरू होते. ब्लॉकवाल्याने ती वाळू घेतली की त्याच्या परवान्यात ती चढवावी लागते. दर खेपेची तपासणी कुणी करायची, त्या तपासणीचे पैसे कुणी भरायचे, गाडीभाडं कुणाच्या गळ्यात, हे ठरवावं लागतं. एवढं करून ब्लॉक तयार झालेच, तर रस्त्यावरचा अभियंता विचारतो की हे दरसूचीत कितव्या पानावर आहे? ते कुठल्याच पानावर नसतं. पाऊस, ऊन आणि ट्रक सोसणारा ब्लॉक दरसूचीपुढे टिकत नाही.

आणि या सगळ्यातून वाट काढून ब्लॉकवाला वाळू मागायला गेलाच, तर फाउंड्रीवाल्याची मान ताठ होते. काल 'देवा, कुणीतरी फुकट घेऊन जा' म्हणणारा माणूस आज विचारतो, "ब्रासला काय देणार?" आपल्या दारातल्या उकिरड्याला गिऱ्हाईक आलं म्हटल्यावर त्यात नक्कीच काहीतरी असणार, असा आपला राष्ट्रीय बाणा आहे. त्यात त्याचं तरी काय चुकलं म्हणा! साखर कारखान्यांच्या आवारात बगॅसचे डोंगर एके काळी ओझं होते. त्यावर वीज तयार होते म्हटल्यावर त्याच डोंगरांना भाव आला. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेचं तर पुराणच आहे. 1999 च्या अधिसूचनेने सांगितलं, केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी ही राख वापरलीच पाहिजे. 2003 मध्ये ते अंतर 100 किलोमीटर झालं, 2016 मध्ये 300. राख जागची हलली नाही की आपण वर्तुळ मोठं करतो. धीर धरला तर हे वर्तुळ कधीतरी डेन्मार्कला पोचेल.

डेन्मार्क यासाठी, की उपक्रमाच्या प्रत्येक सादरीकरणात तिसऱ्या स्लाइडवर डेन्मार्कच असतो. कालुंडबोर्ग नावाचं बंदराचं गाव, बाणांनी जोडलेले कारखाने, निळे बाण पाण्याचे, लाल बाण वाफेचे. सभागृहात जेवणाचा वास सुटलेला असतो आणि पडद्यावर रिफायनरीतला उरलेला वायू जिप्समचे तक्ते करणाऱ्या कारखान्यात जात असतो. ते 1972 साली सुरू झालं हे सांगतात. तेव्हा तिथे ना संकेतस्थळ होतं, ना उपक्रम, ना सन्मानचिन्ह, हे सांगत नाहीत. शेजारशेजारच्या मोजक्या कारखान्यांनी आपापला फायदा बघून, दोघादोघांत करार करून नळ टाकले. सगळं मिळून काहीतरी मोठं झालं आहे आणि त्याला नावही देता येतं, हे लोकांच्या लक्षात आलं 1989 च्या सुमाराला. तिथे आधी नळ आला आणि मग नाव. इथे नाव आहे, बोधचिन्ह आहे, टोप्या आहेत. नळाची निविदा निघायची आहे.

भंगारवाल्याचा या संकेतस्थळावर कुठेही उल्लेख नाही, हेही नमूद करतो. लोखंडाची टर्निंग, तांब्याचे तुकडे, पुठ्ठा, पत्र्याचे डबे यांची नोंद तिथे सापडणार नाही, कारण तो सकाळी सातला वजनकाटा घेऊन येतो आणि रोख देतो. त्याने हात लावायला नकार दिलेला माल तेवढा संकेतस्थळावर चढतो. जळकी वाळू, फाटके थर्मोकोल, काचतंतूंची कातरणं, मुदत संपलेला रंग. 'उपलब्ध आहे' या यादीला पानंच्या पानं आहेत. 'हवे आहे' या यादीत एकच नोंद आहे, 'चांगल्या स्थितीतील खुर्च्या'. ती उपक्रमाच्या कार्यालयाने केलेली आहे.

आता कागदांबद्दल. वापरलेलं तेल, रंगाचा गाळ असा धोकादायक माल असेल, तर 2016 च्या नियमांप्रमाणे त्याच्या गाडीबरोबरच्या पत्रकाच्या सात प्रती करायच्या असतात आणि प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि राखाडी. माझी याला हरकत नाही. पिंपं विहिरीत ओतणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यासाठी सत्तर प्रती केल्या तरी कमीच. माझं म्हणणं इतकंच की सरळ मार्गाने जाणाऱ्या गाडीला पूर्ण इंद्रधनुष्य लागतं आणि रात्री अडीचच्या डंपरला एकच प्रत पुरते. तीही राखाडी. पाचशेची.

आणि हसून झालं असेल तर तो डंपर कुठे जातो तेही ऐका. तो ओढ्यावर जातो. वसाहतीच्या मागून एक ओढा वाहतो. वाहायचा. आता त्याच्या दोन्ही काठांवर काळे ढीग आहेत आणि मधे गटाराएवढी वाट उरली आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की ती काळी भुकटी खालच्या वस्तीत वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, पोरांच्या छातीत जाऊन बसते. पावसाळ्यात पाण्याला जागा उरत नाही, मग तेही वस्तीत शिरतं. बाया घरातून घमेल्याने पाणी उपसतात आणि दुसऱ्या दिवशी पाहणी करायला येणारे साहेब बूट भिजू नयेत म्हणून पुलावरूनच पाहतात. पुलावरून! तिथूनच विचारतात, "हे ढीग कुणी टाकले?" अरे, सगळ्या गावाला माहीत आहे कुणी टाकले. टपरीवाल्याला माहीत आहे, बिस्किटाच्या पुड्यांसकट माहीत आहे. ज्याने टाकले त्याच्याच गळ्यात तुम्ही 'हरित उद्योजक' म्हणून शाल घातलीत, त्याचा फोटो या गुळगुळीत अहवालाच्या अकराव्या पानावर आहे आणि फोटोत मागे जी हिरवळ दिसते ती फ्लेक्सवरची आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनी एका तरी सभेत तुमचा समोसा खाल्ला का? त्यांना कुणी बोलावलं? भागधारकांच्या बैठका म्हणे. ओढ्याकाठी राहणारा भागधारक नसतो, तो फक्त भोगतो.

असो. रक्तदाबाची गोळी घेतली आहे.

शांतपणे विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं की उपक्रमावर टीका करण्यापेक्षा त्याला हातभार लावावा. 'हवे आहे' ही यादी ओस पडली आहे ना? मी संकेतस्थळावर जाऊन पुनर्वापरकर्ता म्हणून ओढ्याची नोंदणी केली. नाव: ओढा. व्यवसाय: मिळेल ते स्वीकारणे. क्षमता: आजवर कुणालाही परत पाठवलेलं नाही. मालाचा प्रकार: वाळू, राडारोडा, रंग, राख, कोंबड्यांची पिसं, उपक्रमाच्या जुन्या पत्रिका. कामाची वेळ: चोवीस तास, रात्री विशेष सोय. तपासणी अहवाल: मागत नाही. दर: फुकट. अनुभव: वसाहत झाल्यापासून. समाधानी ग्राहकांच्या रकान्यात मी अकराव्या पानावरची सगळी नावं भरली.

इतका लायक अर्जदार या संकेतस्थळाला आजवर मिळाला नसेल. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. उपक्रमाच्या कारभारात प्रथमच काहीतरी अर्ध्या मिनिटात झालं, म्हणून ते जसंच्या तसं देतो: 'माननीय श्री. ओढा, आपल्या स्वारस्याबद्दल धन्यवाद. आपला जीएसटी क्रमांक आणि जागेच्या मालकीचा दाखला जोडलेला नसल्याने अर्ज परत करण्यात येत आहे.'

जागेच्या मालकीचा दाखला काढायला मी गेलोही होतो. ओढ्याच्या नावावर तिथे आता तीन गोडाऊनं आणि एक मंगल कार्यालय आहे.