कुकर नव्हे, कॉकर

आमच्या बीडमध्ये माणसाची पत मोजायची मापं ठरलेली आहेत. दारात पांढरी गाडी, अंगात पांढरा शर्ट आणि चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स. यातलं काहीच न जमलेल्या मास्तराने काय करावं? मी कुत्रा घेतला. तोही कॉकर स्पॅनियल.

हे नाव गल्लीत पहिला आठवडाभर कुणाच्या जिभेवर बसेना. शेजारचे नाना ‘कुकर’ म्हणत आणि किती शिट्ट्या झाल्यावर उतरवायचा, असं विचारत. आईने पिल्लाला दारातच अडवलं, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “आरं, ह्याला कान हैत का पदर?” मुलाने त्याचं नाव ऑस्कर ठेवलं. आई मोत्या म्हणते. भाकरी आईच्या हातात असल्यामुळे तो मोत्या या नावालाच ओ देतो.

पिल्लू पुण्याहून आणलं. विकणाऱ्याने तीन आश्वासनं दिली होती: केस गळत नाहीत, स्वभाव शांत आहे, फार काही करावं लागत नाही. तीन आश्वासनं ऐकली की मतदाराने सावध व्हायला पाहिजे. पण मी त्या दिवशी ग्राहक होतो. आता माझ्या काळ्या पँटवर सोनेरी केस असतात, सोफ्याचा एक कोपरा खाऊन झाला आहे आणि ‘फार काही’ म्हणजे नेमकं किती, हे मला पहाटे साडेपाचला कळतं.

ही जात घडली इंग्लंडच्या ओल्या झुडपांत. तिथे दडलेला वुडकॉक नावाचा पक्षी हुसकून बाहेर काढायचा, हे हिचं पिढीजात काम. कॉकर हे नाव त्यावरूनच पडलं. म्हणून नाक सतत जमिनीला आणि झुडूप दिसलं की उडी. आता आमच्या बिंदुसरा नदीच्या काठी वुडकॉक नाही. सराटे आहेत, कुसळं आहेत, गोचीड आहेत. पहिल्याच फेरीहून मोत्या परतला तो अर्धं गायरान अंगावर घेऊन. आम्ही तिघं दोन तास सराटे वेचत बसलो. नाना कुंपणावरून म्हणाले, “मास्तर, एवढ्या वेळात कापसाची एक पात झाली असती.”

तिसऱ्या आठवड्यात त्याने डोकं झटकायला सुरुवात केली. कानाला वास येऊ लागला. डॉक्टरांकडे नेलं, तर पुढे दोन म्हशी आणि एक बैल रांगेत. आमचा नंबर लागल्यावर डॉक्टरांनी कान उचलला आणि जन्मभर पुरेल असा धडा दिला. कान जड, लोंबता, आत केसाळ. वारा शिरत नाही, ओल साचते आणि त्या ओलीत बुरशी आणि जंतू माजतात. म्हणून आठवड्यातून एकदा कान उलटून पाहायचा, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने पुसायचा, आंघोळीनंतर कोरडा करायचा, आतल्या बाजूचे केस कमी ठेवायचे. काडी, कापूस लावलेली पिन असलं काही आत खुपसायचं नाही. आणि पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं ठेवायचं, म्हणजे पाणी तोंडात जाईल आणि कान बाहेर राहतील.

परतताना मी विचार करत होतो. कान भरलेली मंडळी या जिल्ह्यात मी पुष्कळ पाहिली आहेत. साहेबांचे कान भरले की मास्तराची बदली होते, ग्रामसेवकाची चौकशी लागते, रस्त्याचं काम तिसऱ्याच्याच वाडीला जातं. मोत्याचे कान भरले तर तो निदान स्वतःचंच डोकं झटकतो. शिवाय त्याचे कान पुसता येतात.

कॉकरचं राजकारणाशी नातं जुनं आहे. 1952 साली अमेरिकेत उपाध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्यावर पाठीराख्यांकडून गुपचूप निधी घेतल्याचा आरोप झाला. त्यांनी टीव्हीवर येऊन आपला हिशेब मांडला आणि सांगितलं की, एक भेट मात्र घेतली आहे: कॉकर स्पॅनियलचं पिल्लू. मुलीने त्याचं नाव चेकर्स ठेवलंय आणि कुणी काहीही म्हणो, ते परत करणार नाही. लोक विरघळले, उमेदवारी वाचली, निक्सन निवडून आले. ही गोष्ट मी आमच्या एका भावी नगरसेवकाला सांगायची चूक केली. दुसऱ्या दिवशी तो मोत्यासोबत फोटो काढायला आला. मोत्याने त्याचा पांढरा शर्ट चाटून तपकिरी केला.

खर्चाचं सांगतो. सहा ते आठ आठवड्यांनी केस कापणं, रोज विंचरणं, लसी, जंतांचं औषध, गोचिडांचं औषध. उन्हाळ्यात फेरी सूर्य उगवायच्या आत, कारण आपली डांबरी सडक पाय भाजते. खाण्यात कांदा-लसूण बंद. द्राक्षं, मनुका, चॉकलेट बंद. कांदा शेतकऱ्याला रडवतो हे ठाऊक होतं, पण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशीही तो फोडतो, हे नवीन. आंघोळीला दोन बादल्या लागतात. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे बीडकरांना सांगायला नको. पहिल्या आंघोळीच्या दिवशी आईने बादल्यांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “तुझ्या बापानं दुष्काळात एका तांब्यात आंघोळ केली.”

त्यातच हा बारा ते चौदा वर्षं जगतो. म्हणजे जवळजवळ अडीच पंचवार्षिक. मधे पक्ष बदलता येत नाही. आणि एकटं सोडलेलं याला चालत नाही. दोन तास दार बंद राहिलं तर गल्ली जागी होते. अशा वेळी मला आमच्याच जिल्ह्यातली दुसरी दारं आठवतात. दिवाळी उलटली की कोयते घेऊन ऊसतोडीच्या गाड्या निघतात, घरांना कुलपं लागतात, ओट्यावर म्हातारी आणि तिच्या पायाशी गावठी कुत्रं उरतं. ते सहा महिने वाट पाहतं. त्याची कुणी जात विचारत नाही.

डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळची बातमी जगभर गेली. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती आणि पिल्लं मरत होती. आकडा छापता छापता अडीचशेवर फुगला, परदेशी वाहिन्यांनी टोळीयुद्ध रंगवलं, वनविभागाने दोन वानरं पकडून नेली आणि सगळे हसून मोकळे झाले. त्या पिल्लांना कागदपत्रं नव्हती, ऑस्कर हे नाव नव्हतं. त्यातलं एखादं जरी लांब कानांचं असतं, तर फ्लेक्स लागला असता.

हे मी मोत्याचे कान पुसता पुसता लिहितोय, त्यामुळे उपदेशाचा अधिकार माझ्याकडे फारसा नाही. तरी कुणी मला विचारलंच, की मास्तर, कॉकर घेऊ का, तर मी जात, रंग, किंमत काही सांगत नाही. चौदा वर्षं दर रविवारी त्याचा कान उलटून पाहणार का, एवढं विचारतो. उत्तर ‘हो’ असेल तर घ्या. ‘बघू’ असेल तर दारात आलेल्या गावठी पिल्लाला भाकरी घाला आणि त्याला रेबीजची लस टोचून आणा. त्याचे कान उभे असतात, वारा आपोआप शिरतो.