तळघरातली भट्टी आणि डोंबिवलीचा गॅस

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आबांस,


आपले पत्र पावले. डोंबिवलीत वैशाखाने मांडलेला कहर, आणि आपला एसी गारव्याऐवजी केवळ आवाज देत असल्याची हकीकत वाचून वाईट वाटले. परंतु दुरुस्तीस येणारा इसम विश्वासू असल्याची नौपाड्याच्या आत्याने दिलेली ग्वाही, तो चपला दाराबाहेर काढतो आणि चहाला नको म्हणतो एवढ्याच पुराव्यावर उभी असताना, कल्याणच्या कोर्टात उभी हयात दस्तऐवज तपासण्यात घालवलेल्या आपल्यासारख्या शिरस्तेदाराने ती दाखल करून घेतलीच कशी, याचे मात्र नवल वाटले.

गेल्या हिवाळ्यात आमच्यावरही हाच प्रसंग गुदरला. आमच्या तळघरात गॅसवर चालणारी भट्टी आहे. तिची ऊब पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत जाते आणि उन्हाळ्यात त्याच नळ्यांतून गारवा येतो. पारा शून्याखाली असताना ही भट्टी थंडावली की गृहस्थाची विवेकबुद्धीही गोठते, हे इथली कंत्राटदार मंडळी उत्तम जाणून असतात.

पहिला आला तो गळ्यात टाय बांधून. तळघराच्या पायऱ्या पुरत्या उतरण्यापूर्वीच, भट्टीच्या हीट एक्स्चेंजरला तडा गेला असून त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने आम्ही सहकुटुंब निद्रेतच कैलासवासी होणार, असे भाकीत वर्तवून त्याने करारनामा पुढे केला. सवलत अर्थातच सूर्यास्तापर्यंत. हा वायू खरोखर प्राणघातक आणि त्याला ना रंग ना गंध. सबब भयाचा व्यापार करणाऱ्यास तो फारच सोयीचा. आपल्या सूनबाईंनी शांतपणे विचारले, "तडा दाखवता?" तडा काही केल्या सापडेना, वायूची वर्दी देणारे भिंतीवरचे यंत्रही मौनच पाळून होते. गृहस्थ टायसह अंतर्धान पावले.

दुसऱ्याचा डगला तेलकट होता. त्याने मागण्यापूर्वीच राज्याचा परवाना दाखवला, आणि वधूपित्याने वराकडच्यांची करावी तशी आमच्या घराची चौकशी आरंभली: खिडक्या किती, त्यांची तोंडे कोणत्या दिशेला, माळ्याच्या छताखाली उष्णतारोधक थर किती जाड? मग 'मॅन्युअल जे' या पद्धतीने रीतसर हिशेब मांडून, भट्टी म्हातारी झाली हे खरे, पण तिच्याहून लहान आकाराची नवी भट्टी पुरेल, असा निर्वाळा दिला. स्वतःचीच विक्री घटवणारा असा विक्रेता मी प्रथमच पाहिला. तरीही, नगरपालिकेची परवानगी त्यानेच काढावी आणि नगरपालिकेचा निरीक्षक तपासून गेल्याखेरीज अखेरचा हप्ता मिळणार नाही, हे कलम सूनबाईंनी घातलेच; त्यानेही हसत सही केली.

आता आपला मामला. दुकानदार आपल्या गळ्यात मारू पाहत असलेले दोन टनांचे नवे यंत्र दोन पोरे जिन्यावरून कशी नेणार, ही आपली शंका रास्त आहे. पण हा टन वजनाचा नव्हे. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील तेवढी, म्हणजे ताशी 12,000 बीटीयू, उपसण्याची ती क्षमता. लहान खोलीत अवाढव्य यंत्र बसवले, की ते हवा झटपट गार करून थांबते आणि दमटपणा तसाच राहतो. पावसाळ्यातल्या डोंबिवलीत तो किती असतो हे आपणांस मी काय सांगावे! खोली न मोजता टन सांगणाऱ्यास बयाणा देऊ नये.

राहिला गॅस, जो दुरुस्तीचा इसम दरवर्षी 'कमी झालाय' म्हणून भरतो. बंदिस्त नळ्यांत फिरणारा हा गॅस वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर कोठे तरी गळती आहे, आणि गळती न बुजवता भरलेला गॅस म्हणजे पुढल्या वैशाखाच्या दक्षिणेची तजवीज.

तेव्हा येत्या शनिवारी तो आला, की त्यास चहा जरूर द्यावा. पण आधी त्याने गळतीची जागा दाखवावी, ती बुजवावी, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढून घ्यावी आणि मगच वजनकाट्यावर मोजून गॅस भरावा, एवढे आपल्या देखत झाल्यावाचून पैसे देऊ नयेत, ही विनंती. आत्यालाही हे पत्र वाचून दाखवावे.

आपला आज्ञाधारक,
विनू