धुरेमुक्त मजकूर

वेबपानावरचा मजकूर साध्या अक्षरांत उतरवताना ‘कोड’ची खूणच पुसून टाकणाऱ्या यंत्रणेचे जाहीर अभिनंदन! आज्ञा कुठे संपते आणि लेखकाचा पूर्णविराम कुठे लागतो, हा भेदभाव अखेर मिटला. ‘सीडी डाउनलोड्स.’ असे वाचून माणूस टिंबासकट टंकतो. संगणक सांगतो, असा फोल्डर नाही. २००४ साली आलेल्या मार्कडाउन या लेखनपद्धतीने हा भेद दाखवायला आज्ञेच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅकटिक (`) ठेवला होता. एवढी उधळपट्टी कशाला?

हेच धोरण दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या शिवारातही राबवावे. शेतांमधले सगळे धुरे, म्हणजे बांध, काढावेत. कपाशी तीच, तूर तीच, जमीनही तेवढीच. सातबारे एका परिच्छेदात सलग छापावेत. मोजणीचा खर्च वाचेल.

ही सूचना करणाऱ्याचा धुरा मात्र जागच्या जागी ठेवावा. ती खूण नव्हे, मजकूर आहे.