दारापुढची गाडी : एक शास्त्रीय नोंद

निवासी वस्तीतील रस्त्यावर गाडी लावण्यास बंदी घालणे म्हणजे दारापुढचा डांबरी पट्टा सरकारचा आहे, अशी अफवा उठवणे. चंद्रपूरच्या परकोटाच्या आत या अफवेवर कोणी विश्वास ठेवत नाही. तेथे उंबरठा संपला की अंगण सुरू होते आणि समोरच्याच्या अंगणाला भिडेपर्यंत चालू राहते. दोन अंगणांच्या मधे जी चिंचोळी वाट उरते, तिला दफ्तरात रस्ता म्हणतात.

गोंड राजांनी परकोट बांधला तेव्हा जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे ठेवले, आणि पाच खिडक्या. हत्तीला दरवाजा, माणसाला खिडकी, असा साधा हिशेब. हत्ती कुठे बांधायचा ही चिंता हत्तीवाल्याची होती. आज परकोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. म्हणजे भिंतीजवळ वाहनतळाची इमारत उभी राहणार नाही. गाडी मात्र बांधकामात मोडत नाही.

अंगणाच्या या विस्तारावर पहिला हक्क कूलरचा. होळी झाली की लोखंडी घोडीवर बसलेला कूलर खिडकीतून गल्लीत येतो आणि पावसाळा लागेपर्यंत हलत नाही. दुसरा हक्क गाडीचा. ती लावायची जागा नियमाने ठरत नाही, कडुनिंबाने ठरते. पारा 45 च्या पुढे गेल्यावर सावलीखालची बारा फूट जागा वडिलोपार्जित इस्टेटीइतकी जपली जाते. गाडी बाहेर गेल्यावर त्या जागी दोन विटा, फुटकी कुंडी किंवा तीन पायांची खुर्ची राखण करते. वाघ आपली हद्द झाडाच्या खोडावर खुणा करून सांगतो. गृहस्थ टिनाच्या पाटीवर सांगतो : ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम 116 प्रमाणे वाहतुकीची चिन्हे लावण्याचा अधिकार सरकारचा किंवा सरकारने नेमलेल्या यंत्रणेचा आहे. त्यामुळे वस्तीतल्या या सगळ्या पाट्या लोकसाहित्यात जमा कराव्या लागतात.

बंदीचे प्रकार अनेक असले तरी सर्वांत विनोदी सम-विषम. विषम तारखेला एका बाजूला, सम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची. पद्धत वरवर न्याय्य दिसते. पण 31 तारखेनंतर 1 तारीख येते, आणि असे वर्षातून सात वेळा घडते. साध्या वर्षात विषम बाजूला 186 दिवस मिळतात, सम बाजूला 179. सात दिवसांचा हा फरक तीन पिढ्यांचे बोलणे बंद करायला पुरेसा आहे. शिवाय मे महिन्यात सावली तारीख पाहून बाजू बदलत नाही.

बंदी मोडल्यास महाराष्ट्रात पहिल्या वेळी 500 रुपये, पुन्हा मोडल्यास 1,500. कलम 127 प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास बेवारस उभी राहिलेली गाडी उचलून नेता येते. दहा तास झाले हे कसे ओळखावे, याची सोय चंद्रपुरात निसर्गानेच, किंवा निसर्गाच्या जागी आलेल्या 2,920 मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राने आणि कोळशाच्या खाणींनी केली आहे. बॉनेटवर बोटाने नाव लिहिता आले की मुदत भरली. उचललेली गाडी जिथे जाते, त्या आवाराचा पूर्वज कोंडवाडा होय. गुरांसाठी कोंडवाड्याचा कायदा 1871 सालीच झाला. तरी म्हशी अजून चौकात बसतात आणि त्यांना नंबरप्लेट नसते.

बंदी कोणावर, हा खरा प्रश्न. प्रत्येक रहिवाशाला रस्ता मोकळा हवा असतो, स्वतःची गाडी वगळून. एमएच 33 ची पाटी दिसली की गडचिरोलीचे पाहुणे. ते स्वतःचे असले तर ‘दोनच मिनिटं’, शेजाऱ्याचे असले तर ‘गाडी काढा नं जी’. हाच गृहस्थ ताडोबात गेला की एकदम बदलतो. तिथे प्रत्येक दरवाजातून किती जिप्सी सोडायच्या ते ठरलेले असते, वेळेत बाहेर यावे लागते, खाली उतरता येत नाही. सगळे तो बिनतक्रार पाळतो. वाघाच्या अंगणात आपण पाहुणे आहोत, हे त्याला न सांगता कळते.

मोठ्या शहरांची कथा फारशी वेगळी नाही. पुणे महापालिकेने 2018 च्या मार्चमध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावणारे धोरण मंजूर केले, विरोध होताच ते प्रयोगापुरते पाच रस्त्यांवर आणले, आणि ते पाच रस्तेही धोरणाची वाट पाहत राहिले. 2025 च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केले की, जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. जपानने असा कायदा 1962 मध्येच केला. दाखला चंद्रपुरात लागू झाल्यास अर्जातील ‘जागेचा पत्ता’ या रकान्यात ‘घरासमोर, कडुनिंबाखाली’ असे लिहिले जाईल आणि कोणीही खोटे बोललेले नसेल.

1982 साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात विषयाची मांडणी निराळी करावी लागते. वडसा-आरमोरीकडे कापणीनंतर डांबरी रस्त्यावर धान वाळत घालतात. तिथे धान उभे आणि गाडी वळसा घालणारी. कोणालाही यात वावगे वाटत नाही. दक्षिणेकडे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रस्त्याच्या कडेला थांबतात, आणि त्यांच्यापुढे फुटकी कुंडी ठेवून भागत नाही. ‘गाडी काढा नं जी’ म्हणायला निघालेल्या माणसाला तिथे आधी रांगेचे पहिले टोक शोधावे लागते.